नंदुरबारच्या मुलाला डोनर मिळेना. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत स्टेम सेल नोंदणी घ्यावी का?

अभ्यासिकावाला | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे. एकशेदहा खुर्च्या, दोन पाळ्या आणि कायम बिघडलेला एक वॉटर कूलर. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, सगळी पोरं बाहेरगावची. धडगावपासून सिरोंच्यापर्यंत कुठलंही गाव सांगा, तिकडचा एक तरी सापडेल. पुण्यातलाच पोरगा तेवढा शोधावा लागेल.

त्यातल्या एकाचा धाकटा भाऊ, वय १४, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. म्हणजे हाडातली मज्जा रक्त तयार करेनाशी झालीय. मंडळी पावरा या आदिवासी समाजाची, धडगावकडच्या एका पाड्यावरची. पोराला सहा महिन्यांपासून पुण्यात आणलंय. आठवड्याला प्लेटलेट लागतात, अभ्यासिकेतली सहा-सात जणं आळीपाळीनं एसडीपी (मशीननं फक्त प्लेटलेट काढून घेतात ते दान) देऊन येतात. डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय, म्हणजे दुसऱ्याच्या मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी (स्टेम सेल) बसवायच्या. त्यासाठी एचएलए म्हणून पेशींची एक खूण जुळावी लागते. मोठ्या भावाचा एचएलए जुळला नाही. बहीण आहे, तिचाही नाही. मग रजिस्ट्रीत, म्हणजे पेशी द्यायला तयार असलेल्यांच्या यादीत, शोध घेतला. दहापैकी दहा खुणा जुळणारा सोडा, नऊ जुळणारासुद्धा निघाला नाही.

आता पोरं म्हणतायत, सर, आपण सगळेच गालाच्या आत काडी फिरवून नमुना देऊन टाकू. एका संस्थेशी बोललोय, काड्या आणि फॉर्म ते देणार, त्यांचा माणूस येणार. येत्या रविवारी करायचं म्हणतोय. पण मला फ्लेक्स लावून फोटो काढायचा कार्यक्रम नको. जाणकारांनी खरं सांगा, याचा उपयोग होतो का?

संपादक | मंगळवार, सकाळी ७:०५

धाग्यातून रुग्णाचं नाव आणि रुग्णालयाचं नाव काढलं आहे. पैशाचं आवाहन असेल तर ते मदत विभागात टाकावं.

रक्तपेढीतला | मंगळवार, सकाळी ९:१८

बावीस वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, त्या अधिकारानं लिहितो.

सगळ्यात आधी एक काम करा. आई-वडील, भाऊ-बहीण, काका-मामा यांच्यापैकी कुणीही त्या मुलाला रक्त किंवा प्लेटलेट देत असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. उद्या घरच्यांपैकीच कुणाच्या पेशी द्यायची वेळ आली आणि मुलाच्या अंगात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असल्या, तर बसवलेल्या पेशी न रुजण्याचा धोका वाढतो. अभ्यासिकेतली पोरं देतायत ते चांगलंय, तेच चालू राहू द्या.

आता तुमचा प्रश्न. या रविवारच्या काड्यांतून *याच* मुलाला डोनर मिळेल अशी आशा धरू नका, आणि त्याच्या भावालाही धरू देऊ नका. काडी प्रयोगशाळेत जाऊन एचएलए तपासून यादीत चढायला काही आठवडे जातात. आणि शंभर जणांत जुळणारा सापडणं म्हणजे पंढरपुरात आषाढीला हरवलेली चप्पल परत मिळण्यासारखं आहे.

एचएलए म्हणजे पेशीवरची ओळखखूण. सहाव्या गुणसूत्रावर ही जनुकं शेजारी-शेजारी बसतात, म्हणून बहुधा एका गठ्ठ्यानंच पुढे जातात. एक गठ्ठा आईचा, एक बापाचा. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर दोघांपैकी एक तरी जुळण्याची ४४ टक्के. या पोराचं दान उलटं पडलं. रक्तगटाचा यात संबंध नाही. रक्तगट वेगळा असला तरी चालतं, उलट ट्रान्सप्लांटनंतर रुग्णाचा रक्तगट बदलून डोनरचा होतो.

घराबाहेर गेलं की गणित अवघड होतं. या जनुकांचे आजवर नोंदलेले प्रकार ४० हजारांच्या वर आहेत. सगळेच सगळीकडे नसतात, ज्या समाजात पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं झाली तिथे ठरावीक गठ्ठे पुन्हा पुन्हा येतात. म्हणून पावरा मुलाचा डोनर पावरा, भिल्ल, बारेला अशा जवळच्या लोकांत असण्याची शक्यता जास्त. आणि त्यांतले किती जण यादीत असतील, तुम्हीच सांगा.

जगभरच्या याद्या मिळून ४ कोटींहून जास्त नावं आहेत. जर्मनी साडेआठ कोटींचाही देश नाही, तिथे एक कोटीच्या आसपास नोंदले गेलेत. आपण १४० कोटी आणि आपला सगळा हिशेब लाखांत. त्यातही नोंदणी होते कुठे? आयटी कंपनी, इंजिनिअरिंग कॉलेज, मोठ्या शहरातलं मॅरेथॉन. म्हणजे कुणाची नावं येणार हे ठरलेलंच आहे.

शंकेखोर_सदाशिव | मंगळवार, दुपारी १:३२

म्हणजे आता बोन मॅरोही जातवार? लग्नाची स्थळं झाली, पतपेढ्या झाल्या, क्रिकेटचे सामने झाले, एवढंच राहिलं होतं. परवाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज होता, 'अमुक समाजाच्या बंधू-भगिनींनीच संपर्क करावा, रुग्ण आपल्यातला आहे.' वाचून किळस आली. विज्ञानाच्या नावाखाली हे खपवायचं का?

रक्तपेढीतला | मंगळवार, दुपारी २:१०

किळस मलाही येते. पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. रजिस्ट्रीत शोध घेताना संगणक जात बघत नाही, जनुकांचे आकडे बघतो. तुमचे आकडे त्या पावरा मुलाशी जुळले तर फोन तुम्हालाच येईल. समाजाचा विचार फक्त एका कामापुरता, काडी घेऊन जायचं कुठे. आजवर जिथे कुणी गेलंच नाही तिथे जा, एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही म्हणता तो मेसेज चुकीचाच. 'आपल्यातलाच' म्हणून बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं की यादी छोटी होते आणि मरतो त्यांचाच पेशंट.

डेक्कनची_विद्यार्थिनी | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

शंकेखोर काका, तुमच्या पेठेपासून पाऊण तासावरचंच उदाहरण देते. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी के. सी. मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली होती. शरीराची मोजमापं, रक्तगट वगैरे. १९६८ मध्ये लेख आला. जातीच्या उतरंडीत पायरी एकच, बाहेरच्याला नावाचा फरकही कळू नये, पण शरीराच्या मापांत आणि रक्तात त्या एकसारख्या निघाल्या नाहीत. बाईंचं म्हणणंच होतं की जात ही वरून फुटत फुटत गेलेली एक वस्तू नाही, शेजारी-शेजारी राहणारे वेगवेगळे गट आहेत.

नंतर जनुकांचा अभ्यास आला. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटानं दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यातल्या ८१ गटांत पूर्वजांची संख्या कधीतरी इतकी आकसली होती, की त्याचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक आहे. जनुकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ही दोनच उदाहरणं घोकवतात बरं का! आणि भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणानं देशात ४,६३५ समाज मोजले होते.

मग जो म्हणतो 'भारतीय डोनर हवा', तो म्हणतोय काय नक्की?

(अवांतर: आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. अशा घरात चुलत-मामे भावंडांची एचएलए तपासणी करून बघायला हरकत नसते, तेच गठ्ठे दोन्हीकडून फिरत आलेले असू शकतात. पावऱ्यांत काय रीत आहे मला ठाऊक नाही, अभ्यासिकावाल्यांनी विचारावं.)

शंकेखोर_सदाशिव | मंगळवार, रात्री ८:०२

इरावतीबाईंचं नाव घेतलंत म्हणून गप्प बसतो. तात्पुरता.

अभ्यासिकावाला | मंगळवार, रात्री १०:२६

विचारलं. त्यांच्यात आपल्या कुळात लग्न होत नाही. मामे-आते भावंडांचं डॉक्टरांना विचारतो म्हणाला. आणि रक्ताचं बरं झालं सांगितलंत. त्याचा चुलता पुढच्या आठवड्यात प्लेटलेट द्यायलाच येणार होता, तिकीटही काढलं होतं.

आई_कोथरूड | बुधवार, सकाळी १०:५०

भाबडा प्रश्न आहे, हसू नका. मुलीच्या वेळी आम्ही नाळेचं रक्त एका कंपनीत साठवलं, हप्त्यांनी पैसे भरले. ते हेच ना? मग आम्हाला नोंदणीची गरज नाही ना?

रक्तपेढीतला | बुधवार, सकाळी ११:१५

हसत नाही, रोज कुणीतरी विचारतं. ते वेगळं. स्वतःच्या बाळाला पुढे कधीतरी लागेल म्हणून नाळेचं रक्त खासगी पेढीत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय. पोराला जन्मजात आजार असला तर तोच दोष त्या साठवलेल्या पेशींतही असतो. पैसे गेले ते गेले. तुमचं वय बसत असेल तर काडी द्या, ती फुकट आहे.

हिंजवडीचा_प्रवासी | बुधवार, रात्री ११:५८

मी प्रत्यक्ष दिलेल्यांपैकी आहे. सविस्तर लिहितो, पोरांना वाचायला द्या.

कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल होता. स्टॉलवर बिस्किटं फुकट होती, हे माझं समाजकार्य. गालाच्या आत काडी फिरवली, फॉर्म भरला, विसरलो. चार वर्षांनी नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अनोळखी नंबरवरून फोन. क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मेसेज आला, 'तुमचा एचएलए एका रुग्णाशी जुळला आहे.' मला वाटलं फसवणूक. खरं सांगतो, त्या दिवशी तो मेसेज डिलिट करायला माझं बोट गेलं होतं.

पुढे रक्त घेऊन पुन्हा खात्रीची तपासणी, मग सगळ्या शरीराची तपासणी. मग पाच दिवस रोज जीसीएसएफची इंजेक्शनं. त्यानं मज्जेतल्या पेशी वाढून रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि मांड्या अशा ठणकायला लागल्या की सिंहगड पळत चढून आल्यासारखं. पॅरासिटामॉलनं भागतं. पाचव्या दिवशी अफेरेसिस. एसडीपी दिलेल्यांना मशीन माहीत असेल. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. मला पाच तास लागले. दोन्ही हात अडकलेले आणि नेमकं नाक खाजायला लागलं. भाऊ शेजारी बसला होता, त्यानं खाजवलं, आणि ते तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्यानं कॅल्शियम कमी होतं, सिस्टरनी गोळी दिली, थांबलं. पिशवीत जमलं ते टोमॅटोच्या सारासारखं दिसत होतं. एवढंच. संध्याकाळी घरी.

काहींना कमरेच्या हाडातून मज्जा द्यावी लागते, ती भूल देऊन काढतात, त्यात एक-दोन दिवस दवाखान्यात जातात. कुठल्याही प्रकारात पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत. हे ठळक अक्षरात लिहा, कारण माझ्या आईला अजून वाटतं की माझ्या मणक्यातून काहीतरी काढलं.

आई हा खरा टप्पा. वडील 'बघ बाबा' म्हणाले. आई म्हणाली, लग्न व्हायचंय तुझं, उद्या मुलीकडच्यांना कळलं तर? मी म्हटलं, पेशी काही आठवड्यांत भरून येतात. ती म्हणाली, मला पेशींचं सांगू नकोस, लोकांचं सांग. तीन दिवस बोलणं बंद. शेवटी तिला रजिस्ट्रीच्या बाईंशी फोनवर बोलायला दिलं. काय बोलल्या माहीत नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरून दिला.

माझ्या पेशी कुणाला गेल्या हे वर्षभर सांगत नाहीत. नंतरही दोन्हीकडून होकार असेल तरच. मी विचारलं नाही.

रक्तपेढीतला | गुरुवार, सकाळी ८:४०

प्रवासी, तुमच्या दोन कापलेल्या फोनांत या धाग्याचं उत्तर आहे.

सगळे बोलतात काड्या किती झाल्या त्यावर. पण यादी म्हणजे दिलेला शब्द. चार, सहा, दहा वर्षांनी तो फोन लागतो का, उचलला जातो का आणि घरचे हो म्हणतात का, यावर पेशंट जगतो. कितीदा नंबर बदललेला असतो. सापडला तर 'तेव्हा मित्रांबरोबर दिलं होतं, आता नको.' एक लक्षात ठेवा, कुणीही कुठल्याही क्षणी नाही म्हणू शकतो, तो हक्क आहे. पण डोनरची तारीख ठरली की तिकडे पेशंटला केमो सुरू होते आणि त्याची स्वतःची मज्जा मारून टाकतात. त्यानंतर डोनर फिरला तर त्या माणसाकडे परतीचा रस्ता नाही. म्हणून नाही म्हणायचं तर काडीच्या आधी म्हणावं, तेच सगळ्यांत सोयीचं.

मोठ्या समाजात एक गळला तर दुसरा मिळेल. पावऱ्यांची यादीत बाराच नावं असली आणि एकानं सिम बदललं, तर अकरा उरली.

अमेरिकेतल्या एनएमडीपी या रजिस्ट्रीचे आकडे बघा. पूर्ण जुळणारा आणि *उपलब्ध* डोनर मिळण्याची शक्यता गोऱ्या रुग्णाला ७९ टक्के, कृष्णवर्णीयाला २९ टक्के. यादीत नावं कमी, जनुकांची विविधता जास्त, आणि नाव निघालं तरी तो माणूस हाताशी लागेलच असं नाही, हे सगळं त्या २९ मध्ये आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली एका कृष्णवर्णीय मुलाच्या पालकांनी याच कारणानं संस्था काढली, आफ्रिकन कॅरिबियन ल्युकेमिया ट्रस्ट. त्यांच्या मुलाला १९९९ मध्ये डोनर मिळाला. तोवर त्या देशात नात्याबाहेरच्या डोनरकडून ट्रान्सप्लांट झालेला कृष्णवर्णीय रुग्ण नव्हता. रजिस्ट्री मात्र तिथे १९७४ पासून होती! म्हणजे पाव शतक.

वाचनमात्र | गुरुवार, सकाळी ११:२२

हे सगळं कशाला करता? आता अर्धा जुळणारा डोनरही चालतो असं वाचलंय. आई किंवा बाप. मग रजिस्ट्री कालबाह्य झाली की.

रक्तपेढीतला | गुरुवार, दुपारी १२:०५

अर्धं बरोबर. हॅप्लो म्हणतात त्याला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पद्धत बसवली, पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देऊन उपद्रवी पेशी मारायच्या. त्यानं ज्यांना कुणीच नव्हतं अशा खूप जणांची सोय झाली, आपल्याकडे तर फारच. या मुलालाही डॉक्टर कदाचित तेच सुचवतील आणि ते वाईट नाही. पण अप्लास्टिकमध्ये किंवा थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारात पेशी न रुजण्याचा धोका असतो, शेकडो पिशव्या रक्त चढलेल्या मुलात अँटिबॉडी असतात, आणि प्रत्येकाचे आई-बाप हयात आणि धडधाकट नसतात. पर्याय वाढला म्हणून पहिला पर्याय मोडीत काढायचा नसतो.

सातपुड्याचा | गुरुवार, रात्री ९:३७

मी तोच मोठा भाऊ. सरांनी धागा दाखवला. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या, घरी पावरी बोलतो.

माझ्या भावासाठी नसलं तरी मला रविवारी काडी द्यायची आहे. पण आमच्याकडच्या पोरांना तयार करताना काय अडचण येते ते सांगतो. आमच्याकडे रक्त घ्यायला बरेच जण येऊन गेले. शाळेत सिकलसेलची (रक्तातला आनुवंशिक आजार) तपासणी झाली, कार्ड मिळालं. कार्डावर काय लिहिलं ते आईला कुणी समजावलं नाही. नंतर दुसरे कोणी आले, त्यांनीही रक्त घेतलं, त्यांचा कागद आजपर्यंत आला नाही. आता मी जाऊन म्हणायचं थोडी लाळ द्या, तर ते विचारणार, हे कुणाकडे जाणार?

काल आईला फोन केला. स्टेम सेलला आमच्यात शब्द नाही. मी म्हटलं, रक्ताचं बियाणं असतं हाडात, ते थोडं द्यायचं. ती म्हणाली, बियाणं दिल्यावर तू काय पेरणार? मी म्हटलं, पुन्हा तयार होतं. ती म्हणाली, बियाणं असं नसतं.

मला उत्तर देता आलं नाही. दुसरा कोणता शब्द आहे का?

डेक्कनची_विद्यार्थिनी | गुरुवार, रात्री १०:१५

दादा, बियाण्याऐवजी विरजण? एक चमचा दिलं तरी आपल्या भांड्यातलं दही संपत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी लागतं.

सातपुड्याचा | गुरुवार, रात्री १०:३१

आमच्याकडे दही कमी करतात. पण चालेल. ती ताडीचं विरजण समजेल. 🙂

डेक्कनची_विद्यार्थिनी | गुरुवार, रात्री ११:०८

तुमचा 'कुणाकडे जाणार' हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत हवासुपाई नावाच्या आदिवासी लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यावर संशोधन झालं, त्यांना न विचारता. खटला झाला, २०१० मध्ये विद्यापीठानं ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. नमुना फक्त जुळणीसाठीच का, संशोधनासाठी वेगळी संमती आहे का आणि ती नाकारता येते का, आणि नाव काढून घ्यायचं असेल तर कुणाला कळवायचं. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, संमती मागे घेण्याची तरतूद त्यात आहे. आणि हे सगळं मुलांच्या भाषेत सांगणारा माणूस त्या टेबलावर असायला हवा. फॉर्म इंग्रजीत असेल तर कार्यक्रमच पुढे ढकला.

रक्तपेढीतला | शुक्रवार, सकाळी ८:५५

यात माझी एक भर. सिकलसेलचा *आजार* असलेल्याला जीसीएसएफ धोक्याचं, जिवावर बेतू शकतं. नुसता वाहक असणं वेगळं. त्यामुळे ज्याच्याकडे कार्ड आहे त्यानं ते रविवारी बरोबर आणावं आणि लपवू नये.

पथकप्रमुख | शुक्रवार, दुपारी ४:१०

आमच्या ढोल-ताशा पथकात दोनशे जण आहेत, अठरा ते तीसमधले, दंड बघाल तर सुया आपोआप शिरतील. नदीपात्रात सराव सुरू आहे. गणपतीआधी एक दिवस या. मंडळं दरवर्षी रक्तदान घेतातच, त्यात एक टेबल वाढवायचं.

रक्तपेढीतला | शुक्रवार, दुपारी ४:४४

जरूर. तरुण डोनर सगळ्यांना हवेच असतात, नोंदणी १८ पासून होते आणि साठीच्या आसपास नाव निघतं, म्हणजे वीस वर्षांचा पोरगा चाळीस वर्षं यादीत. फक्त ढोल वाजत असताना संमती घेऊ नका. हो ला हो मिळवणारा माणूस पुढे फोन उचलत नाही.

जुनी_काडी | शनिवार, रात्री १२:२०

धागा वाचतोय. मीही सहा-सात वर्षांपूर्वी कुठल्याशा कॅम्पमध्ये गाल पुसून दिला होता. पुढे काय झालं कोण जाणे. कार्ड आलं होतं बहुतेक.

अभ्यासिकावाला | रविवार, रात्री ९:४८

झालं आज. लिहितो.

सकाळी दहाला हॉलमध्ये ८४ जण होते. आधी पाऊण तास फक्त बोलणं. संस्थेच्या ताईंनी मराठीत सांगितलं, सातपुड्याच्या पोरानं मागच्या दोन रांगांत पावरीतून सांगितलं. एका गोंड मुलीनं गडचिरोलीच्या चौघींना बाजूला नेऊन माडियातून सांगितलं, ते ठरलेलं नव्हतं. मग मी म्हटलं, आता दहा मिनिटं बाहेर जा, घरी फोन करा, ज्याला नको तो परस्पर चहाला जाऊ दे, मी हजेरी घेणार नाही.

परत आले ४७. खरं सांगायचं तर माझं तोंड उतरलं. ताई मात्र खूष दिसल्या.

फॉर्मवर पर्यायी संपर्काचा रकाना असतो. अर्ध्या पोरांनी रूममेटचा नंबर टाकला. हे रूममेट डिसेंबरात पूर्वपरीक्षेनंतर कुठे असतील देव जाणे. आणि धडगावच्या चौघांनी सांगितलं, होळीला घरी गेलो की पंधरा दिवस रेंज नसते, टेकडीवर चढलं तर एखादी कांडी येते. मग सरळ तीन नंबर लिहायचे ठरवलं. स्वतःचा, घरचा, आणि गावातल्या अशा एकाचा ज्याचा फोन लागतो. आशाताई, किराणा दुकानदार, आश्रमशाळेचे शिपाई, असे निघाले. त्यांना आधी विचारूनच लिहिले, तिथेच फोन लावले. दोन दुकानदारांना वाटलं पोरगं पास झालं. एकानं अभिनंदन करून फोन ठेवलाही.

अकोल्याच्या एका मुलीनं काडी दिली, फॉर्म दिला आणि जिन्यावरून परत आली. म्हणाली, सर, वडिलांना विचारलं नव्हतं, आत्ता विचारलं, नाही म्हणाले. तिच्या काडीचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. ती खूप वेळ सॉरी म्हणत होती. ताई म्हणाल्या, अगं तू आज सगळ्यांत मोठं काम केलंस.

माझं वय ५३, नव्या नोंदणीला जास्त. माझी काडी घेतली नाही.

सातपुड्याचा | रविवार, रात्री १०:३०

डॉक्टर वडिलांच्या हॅप्लोचं बघतायत, अँटिबॉडीची तपासणी मंगळवारी. चुलत्याचं तिकीट रद्द केलं.

आईला विरजण सांगितलं. म्हणाली, मग एवढे दिवस बियाणं का म्हणत होतास.

शंकेखोर_सदाशिव | रविवार, रात्री १०:५२

माझ्या नातवाला पाठवतो. पुढचा कॅम्प कधी? आणि कूलर दुरुस्त करा आधी.

जुनी_काडी | सोमवार, सकाळी ११:१४

काल रात्री जुने मेल शोधले. सापडलं. यादीत माझा जो नंबर आहे तो कंपनीचा होता, नोकरी सोडली तेव्हाच गेला. पत्ता धनकवडीचा, आता मी चाकणला. पर्यायी नंबर वडिलांचा, ते दोन वर्षांपूर्वी गेले.

आत्ता फोन करून सगळं बदललं. जन्मतारीख विचारून ओळख पटवली. वजन विचारलं, तेही खरं सांगितलं. पर्यायी म्हणून बायकोचा दिला, ती शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, आता हे काय नवीन? बसलोय सांगत.